बाहेरकाठा कुणाचा?

पावसाळ्यातली मोठी उधाणं आपल्या किनाऱ्यावर भर दुपारी येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-तीन दिवस, बारा-एकच्या सुमाराला. साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा मुंबईची वर्तमानपत्रं आधीच छापून मोकळी होतात आणि लोक त्या दिवशी लाटा अंगावर घ्यायला मरीन ड्राइव्हला जातात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींच्या पट्ट्यात, त्याच वेळी कुणीतरी मान खाली घालून बंधाऱ्यावरून चालत असतं. त्याला लाटांशी देणंघेणं नसतं. तो भोकं शोधत असतो.

माझं आजोळ तिथलं. बंधारा म्हणजे चिखलाचा बांध, बाहेरच्या अंगाला दगड रचलेले. एकीकडे खाडी, दुसरीकडे भातशेत, आणि उधाण भरात आलं की खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच. लहानपणी बांधावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की पोटात गोळा यायचा. मामा मात्र खाली बघत चालायचा. चिंबोरीने पोखरलेलं भोक दिसलं की उकिडवा बसायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा, पेंढ्याची वळकटी खोल कोंबायचा, वर चिखलाचा गोळा थापून टाचेने दाबायचा. मग पुढचं भोक. ‘मोठं पानी बंधारा फोरत नाय,’ तो म्हणायचा, ‘भोक फोरतंय.’ आधी झिरपं, मग ओघळ, मग खांड, म्हणजे बांधाला भगदाड. एकदा खांड गेली की शेतात खारं पाणी, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव काढायचं नाही.

समुद्राची पातळी वाढते आहे या विषयावर बोलताना मला कायम तो हात आठवतो. कारण आपण जे उपाय मागतो त्यात तो हात कुठेच नसतो. आपण मागतो भिंत. आणि माझं म्हणणं असं की आपण भिंत मागतो, कारण सरकारकडे तेवढीच एक वस्तू तयार असते.

आधी आकडे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या बारा वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. जगाने धूर ओकणं झपाट्याने कमी केलं तरी हे शतक संपेपर्यंत २८ ते ५५ सेंटिमीटरची भर पडेल, आणि बेलगाम चालू ठेवलं तर ६३ ते १०१ सेंटिमीटरची. हे आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालातले अंदाज. वर्षाला साडेतीन-पावणेचार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची अर्धी लांबी. एवढ्याने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे.

काय होतं ते बंधाऱ्याला विचारावं, विशेषतः उघाडीला. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडायचं दार. भरतीला ते खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटतं, ओहोटीला बाहेरचं पाणी खाली गेलं की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं. शेतात साठलेलं पावसाचं पाणी त्या तेवढ्या तासांतच बाहेर पडणार. खाडीची सरासरी पातळी वीतभर वर आली की बंधारा बुडत नाही, पण उघाडी उशिरा उघडते आणि लवकर मिटते. निचऱ्याचे तास घटतात. वरून पावसाचा जोर, खालून दार बंद, आणि भात दोन दिवसांऐवजी पाच दिवस पाण्यात. रोप कुजतं. शेतकऱ्याला समुद्र आत आलेला दिसतच नाही. त्याला दिसतं ते गोडं पाणी बाहेर न जाणं. म्हणून पंचनाम्यात ‘अतिवृष्टी’ लिहिलं जातं आणि समुद्राचं नाव कुठेच येत नाही. विहिरीचं पाणी हळूहळू मचूळ होणं, खाडीकाठच्या नारळांचे शेंडे झडणं, यांचाही पंचनामा होत नाही. एका दिवसात घडत नाही ती आपत्ती नव्हे, असा आपल्या कागदांचा समज आहे. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत वादळ आहे, पूर आहे, त्सुनामी आहे, अगदी कीड पडणंही आहे. किनाऱ्याची धूप नाही. महाराष्ट्राने ‘समुद्राचं उधाण’ राज्यापुरतं आपत्तीत धरलं आहे, पण तेही उधाण त्या दिवशी घरात शिरलं तर.

आता भिंत. देवबाग हे मालवणजवळचं गाव, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. मधली वाळूची पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद की एका घराच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी खाडी. तिथल्या माणसाने दगडी बंधारा मागितला तर त्याला पर्यावरणाचं व्याख्यान देण्याचा अधिकार पुण्यात बसलेल्या माझ्यासारख्याला नाही. रत्नागिरीच्या मिऱ्याचं, पालघरच्या सातपाटीचंही तेच. पावसाळ्याच्या तोंडावर घरात पाणी शिरणार हे माहीत असताना माणूस जे हाताशी आहे ते मागणार.

पण धूपप्रतिबंधक बंधारा काय करतो हे मागणाऱ्याला सांगितलंच जात नाही. उतरत्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, लाट पसरते, दमते आणि वाळू थोडी नेते, थोडी ठेवते. उभ्या दगडावर लाट आपटते आणि परतताना पायथ्याची वाळू उकरून नेते. काही पावसाळ्यांनंतर बंधाऱ्यापुढची पुळण खचते, मग दगड सरकतात, मग नवं टेंडर. बंधारा जिथे संपतो तिथून पुढच्या वाडीची धूप वाढते आणि पुढच्या वर्षी ती वाडी अर्ज घेऊन उभी. केरळात चेल्लानमला सुमारे सात किलोमीटर टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत उभी राहिली. तिच्या आडचे लोक निवांत झोपू लागले हे खरं, आणि भिंत जिथे संपली त्याच्या पलीकडच्या कण्णमालीचे लोक आंदोलनाला बसले हेही खरं. शिवाय पुळण ही मच्छीमाराची नुसती समोरची वाळू नसते. ती त्याचं अंगण, गोदाम आणि कारखाना असतो. रापणीचं मोठं जाळं ओढायचं तिथे, होडी वर घ्यायची तिथे, बोंबील-सुकट वाळवायची तिथे. घर वाचवायला बांधलेल्या भिंतीने पुळण गिळली तर घर राहतं आणि घरातल्यांचा धंदा जातो.

मुंबईत, जिथे लाखो माणसं आणि रुळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, इस्पितळं आहेत, तिथे भिंती लागतीलच. मी भिंतीच्या विरोधात नाही. मी ‘भिंत की पळ काढा’ या दोनच पर्यायांच्या विरोधात आहे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आपल्याकडे कित्येक पिढ्या चालू होती. तिचं नाव देखभाल.

खारेपाटाच्या जमिनी समुद्राकडून मागून घेतलेल्या आहेत. खाडीकाठचा चिखल बांध घालून अडवायचा, पावसाने मीठ धुऊन काढायचं, मग खार सोसणारा राता भात पेरायचा. समुद्राकडचा मुख्य बांध तो बाहेरकाठा. त्याच्या आत शेताशेतांचे लहान काठे. बाहेरकाठा एकट्यादुकट्याच्या बापालाही राखता येत नाही. त्याच्या मागे शंभर जणांची शेतं असतात आणि खांड एकाच्या समोर गेली तरी पाणी शंभरांच्या शेतात जातं. म्हणून जोळ. त्या बांधामागे ज्यांची जमीन, त्या सगळ्यांनी मिळून बांध राखायचा. कुणी किती लांबीची माती घालायची, उघाडी कुणी सांभाळायची, खांड गेली की घरटी किती माणसं बाहेर काढायची, हे ठरलेलं. गोव्यात हीच गोष्ट खाजन शेतीत दिसते. तिथे आपल्या उघाडीला मानस म्हणतात आणि बांध राखायची जबाबदारी गावकऱ्यांच्या संस्थेची, म्हणजे कोमुनिदादची असे.

या जुन्या व्यवस्थेवर सोनेरी मुलामा चढवायची माझी इच्छा नाही. खारेपाटात बांध कुळांनी राखले आणि भात खोतांनी नेलं. त्याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप झाला, १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतं पडीक ठेवून. माझ्या आजोळच्या घरात त्या संपाची गोष्ट रामायणासारखी सांगितली जाते, म्हणजे दर वेळी थोडी लांब. खोती गेली हे उत्तमच झालं. पण खोतीबरोबर आणखीही काहीतरी गेलं आणि त्याची दखल कुणी घेतली नाही. १९४८ साली खार जमिनींचा कायदा आला, १९७९ साली खारभूमी विकास कायदा. बाहेरकाठे सरकारी योजनेत गेले. हेतू चांगला होता. गरीब कुळाने समुद्र एकट्याने का अडवावा? पण कागदावर बांध ‘शासकीय’ झाला तशी जोळ विसरली गेली. आता भोक दिसलं की पेंढा कोंबायचा नाही, अर्ज करायचा. अर्जावर अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावर मंजुरी, मंजुरीवर निधी. तोवर भोकाची खांड झालेली असते. दोन माणसांच्या एका दुपारचं काम काही लाखांचं होतं, आणि काही लाखांचं झाल्यावर ते ‘योजना’ म्हणून कुणालातरी आवडूही लागतं. नवा बंधारा बांधताना नारळ फुटतो, फोटो निघतो. भोक बुजवतानाचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या मामेभावाने एका खांडीसाठी तीन वर्षं अर्ज केले. ज्या कार्यालयात केले त्याचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कार्यालयात वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. चौथ्या वर्षी साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, इथे आता कांदळवन आलंय, हात लावता येणार नाही.

हा गुंता नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. खारं पाणी शिरलेल्या शेतात चार-पाच वर्षांत तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ मध्ये कांदळवनांना संरक्षण दिलं. २०१८ मध्ये त्यांची तोड हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला बंदी कायम ठेवली. बिल्डर रातोरात भराव टाकत होते, ते पाहता हे आवश्यकच होतं. लाटेचा जोर कमी करायला, गाळ धरून ठेवायला तिवरांइतकं स्वस्त साधन नाही. पण ज्याचा सातबारा आहे, ज्याची चूक एवढीच की बांध सरकारवर सोपवला, त्याच्या शेतात जंगल उगवल्यावर त्याला आपण काय देतो? काहीच नाही. ते जंगल उद्या मागच्या गावाचं उधाण अडवणार. मग त्याचं भाडं त्या शेतकऱ्याला का नको? शेतातल्या विजेच्या मनोऱ्याचा मोबदला मिळतो, मग समुद्र अडवणाऱ्या तिवराचा का नाही? दर वर्षी, गुंठ्यामागे ठरलेली रक्कम. मग तोच शेतकरी तिवर राखेल, आणि त्यातल्या खेकड्या-निवट्यांवर हक्कही सांगेल. आज तो तिवराकडे शत्रू म्हणून बघतो, आणि त्याला तसं बघायला आपण भाग पाडलं आहे.

देखभालीचा पैसा गावाच्या हातात द्या म्हटलं की दोन आक्षेप येतात. पहिला, गाव पैसे खाईल. खाईल कदाचित. पण खांडीसमोर ज्याचं शेत आहे तो खाणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहू शकतो. मंत्रालयाच्या दारात उभं राहायला त्याला पास लागतो. ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा देशाच्या आधी केला, त्याला बांधाच्या वार्षिक डागडुजीची मजुरी कशी द्यायची हे शिकवावं लागू नये.

दुसरा आक्षेप इंजिनिअरांचा आहे आणि तो वजनदार आहे. मातीचा बांध अर्धा मीटर वाढलेल्या समुद्रापुढे कुठवर टिकणार? सगळीकडे टिकणार नाही. काही ठिकाणी उंची वाढवून, उघाड्या वाढवून, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेली खार सोसणारी भातं लावून आणखी दोन पिढ्या निघतील. काही शेतं भाताची राहणार नाहीत, पण जिताडा माशाची तळी होतील. खारेपाटात ते नवीन नाही. आणि काही ठिकाणी, देवबागसारख्या वाळूच्या पट्ट्यांवर, शेवटी हलावं लागेल. ‘हलावं लागेल’ हे वाक्य आपल्याकडे कुठलाच पुढारी बोलत नाही. त्याची मतं त्या पट्टीवर आहेत.

हलण्याचा आपला अनुभव काय आहे? तळिये, इर्शाळवाडी. डोंगर आधी कोसळला, माणसं आधी गेली, मग जागा मिळाली. याउलट धरणग्रस्तांच्या चळवळीने या राज्याला एक वाक्य शिकवलं आहे: आधी पुनर्वसन, मग धरण. त्यामागे कित्येक वर्षांचे मोर्चे आणि १९७६ पासूनचे पुनर्वसनाचे कायदे आहेत. मराठीत धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दामागे एक दाखला आहे. ‘समुद्रग्रस्त’ असा दाखला नाही. ज्याचं घर समुद्राने वीस वर्षांत हळूहळू घेतलं त्याला कुठल्या खिडकीशी रांग लावायची हेच ठरलेलं नाही. पैशाची तरतूद अगदीच नव्हती असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये देशभरासाठी सुचवले होते. कोकणातल्या किती ग्रामपंचायतींच्या कानावर ते गेलं, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारावं.

पण नुसतं हलवणं म्हणजे उत्तर नव्हे. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचं गाव होतं. नावाप्रमाणे सात गावांचा समूह, एकेक समुद्रात गेलं. उरलेल्या ५७१ कुटुंबांना सरकारने दहा-बारा किलोमीटर आत बागपटिया इथे वसवलं. तिथल्या पंचुबाराही देवीच्या मूर्तींना फक्त कोळी समाजाच्या विवाहित बायकांनीच हात लावायचा, अशी शेकडो वर्षांची रीत. मूर्ती हलवायच्या वेळी मात्र त्या जड दगडांना पुरुषांचे हात लागले. २०१८ ची गोष्ट. देवीही विस्थापित होताना नियम सोडते, तर माणसाची काय कथा. नव्या जागी घरापुरती जमीन मिळाली, कसायला शेत मिळालं नाही, आणि तरुण मुलं मजुरीला केरळात गेली. केरळात ‘पुनर्गेहम’ योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आतल्या कुटुंबाला दूर जायला १० लाख रुपये देऊ केले. तरी अनेक जण जायला तयार नाहीत. दुरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण कोळ्याचं घर समुद्राजवळ असतं ते हौसेने नव्हे. पहाटे पाण्याचा रंग आणि वाऱ्याची दिशा ओट्यावरून बघायची असते, होडीवर नजर ठेवायची असते, आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा असतो. पाच किलोमीटर आतल्या चौथ्या मजल्यावरून यातलं काहीच होत नाही.

आणखी एक भीती आहे, आणि ती मला रास्त वाटते. आम्ही उठलो की आमच्या जागेवर रिसॉर्ट येणार. २०१९ च्या सागरी नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्र पुढे सरकत असताना आपण नियम त्याच्याकडे सरकवला. त्याच अधिसूचनेत धोक्याच्या रेषेचा उल्लेख आहे. पाणी, धूप आणि पातळीवाढ यांचा अंदाज घेऊन ती रेषा सरकारने आखून घेतलेली आहे. पण बांधकामाची परवानगी देताना ती बंधनकारक नाही, फक्त आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी आहे. म्हणजे रेषेच्या आत बंगला बांधायला ती आड येत नाही, आणि रेषेच्या आत राहणाऱ्या कोळणीला ती कुणी दाखवतही नाही. गाव ज्या दिवशी ही रेषा ग्रामसभेच्या भिंतीवर लावून बघेल त्या दिवशी चर्चा सुरू होईल, त्याआधी नाही. आणि त्या चर्चेत दोन गोष्टी लेखी हव्यात. सोडलेली जागा कायम गावाच्या नावावर, तिथे कधीही पक्कं बांधकाम नाही, पण होड्या, जाळी आणि वाळवण यांचा हक्क अबाधित. आणि नवं गावठाण जवळच्या उंचवट्यावर, सगळ्या वाडीला एकत्र, आजच राखून ठेवलेलं. लोक हलतील दहा वर्षांनी किंवा तीस वर्षांनी, त्यांचं ते ठरवतील. पण जमीन आज राखली नाही तर तेव्हा ती असणारच नाही. कोकणातली उंचावरची मोकळी जमीन कुठल्या वेगाने विकली जाते आहे ते अलिबाग-मांडवा रस्त्याने एकदा गेलं तरी कळतं.

माझ्या आजोळी अशी जमीन एकच आहे. टेकडीच्या पायथ्याला गुरचरणीचा तुकडा. गुरं आता फार कुणाकडे नाहीत, त्यामुळे त्यावर बऱ्याच जणांचा डोळा आहे. मामेभावाने गेल्या वर्षी ग्रामसभेत विषय मांडला: ही जागा खाडीकडच्या दोन आळ्यांच्या भावी गावठाणासाठी राखावी, आणि बाहेरकाठ्यासाठी पुन्हा जोळ उभी करावी. कोरम भरला नाही. तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथे ठराव मंजूर झाला. एका म्हाताऱ्याने विचारलं, जोळ झाली तर घरटी माणूस कोण देणार, पोरं तर सगळी कंपनीत आहेत. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं की जे येणार नाहीत त्यांनी मजुरी भरायची. ती किती, यावर भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. ठरावाची नक्कल तहसीलला गेली आहे. गुरचरणीच्या सातबाऱ्यावर अजून काही चढलेलं नाही.